षष्ठी ते अष्टमी : थोरल्या माधवरावांच्या मागावर पुण्यात तीन दिवस

थोरले माधवराव पेशवे कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४ रोजी थेऊरला वारले. इंग्रजी तारीख १८ नोव्हेंबर १७७२, वार बुधवार, वय सत्तावीस. सोळाव्या वर्षी अंगावर पेशवाईची वस्त्रं आली आणि पुढे अकरा वर्षं मिळाली. त्यातली शेवटची दोन क्षयाने पोखरलेली. तरीही पानिपतानंतर मोडून पडलेलं राज्य याच अकरा वर्षांत पुन्हा उभं राहिलं. पुण्यात त्यांच्या खुणा विखुरलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्यांच्या नावावर चढल्या आहेत. त्या एका ओळीत लावून तीन दिवसांत कशा पाहाव्यात, त्याचा हा वृत्तान्त. वद्य षष्ठीला वाडा आणि पेठा, सप्तमीला पर्वती आणि पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदांचा सरकारी संग्रह, अष्टमीला थेऊर.

तिथी धरून जाण्याचा व्यवहारी फायदाही आहे. त्याच पंधरवड्यातली चतुर्थी ही संकष्टी. त्या दिवशी थेऊरला दर्शनाची रांग लागते, आणि ती मंगळवारी आली तर गावात गाडी शिरवणंही कठीण होतं. अष्टमीला ही गर्दी ओसरलेली असते आणि देवस्थानात रमा-माधव पुण्योत्सव असतो. तिथी साधारण नोव्हेंबरात येते, अधिक महिना जवळच्या काळात येऊन गेला असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ती आपल्या मराठी दिनदर्शिकेत पाहावी. मोबाइलवरची काही पंचांगं उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीची असतात. त्यांतली ‘कार्तिक कृष्ण अष्टमी’ म्हणजे आपली आश्विन वद्य अष्टमी, तिच्या भरवशावर निघालात तर बरोबर एक महिना आधी थेऊरला पोचाल. दुसरी अट वाराची. सप्तमी शनिवार-रविवारी येत असेल तर दप्तराचं काम आधीच्या शुक्रवारीच उरकावं. सरकारी कचेरी सुट्टीला उघडत नाही.

वद्य षष्ठी : शनिवारवाडा आणि पेठा

मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत शनिवारवाडा गाठणं सगळ्यांत सोयीचं. वाड्याभोवती गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास सहज जातो. आधी कसबा गणपतीला जाऊन यावं, ग्रामदैवत आहे आणि वाटेतच आहे. मग वाडा उघडताच आत शिरावं. दहानंतर शाळांच्या सहली येऊ लागतात, तेव्हा आत उभं राहून काही समजून घेणं होत नाही.

दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, दोन्ही थोरल्या बाजीरावांच्या हातच्या. माधवरावांनी हा वाडा बांधला नाही, तो त्यांना वारशाने आला. आत गेल्यावर जोती, पायऱ्या आणि हिरवळ एवढंच दिसतं, कारण वरचं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. त्यामुळे नुसतं फिरून हाती काही लागत नाही. कोणत्या जोत्यावर काय होतं ते फलकावरच्या नकाशाशी ताडत चालावं, आणि तटावर चढून वरूनही एकदा पाहावं. नगारखान्याकडचा जिना उंच टप्प्यांचा आहे, ज्येष्ठांबरोबर असाल तर तो सोडलात तरी चालेल.

इथे हमखास होणारी गफलत म्हणजे दोन माधवरावांची सरमिसळ. सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं दाखवून ‘माधवराव पेशव्यांचं’ असं सांगितलं जातं. ते सवाई माधवरावांसाठीचं. सवाई म्हणजे नारायणरावांचे पुत्र, थोरल्यांचे पुतणे. जन्म १७७४ चा, म्हणजे थोरले गेल्यानंतरचा. ते १७९५ मध्ये याच वाड्यात वरून पडून गेले, एकविसाव्या वर्षी. तळ्यातल्या गणपतीच्या बाबतीतही हाच घोळ होतो, तो उद्याच्या वाटेवर येईल.

मग वाड्यात थोरल्यांचं काय पाहायचं? आमच्या मते दोन गोष्टी ध्यानात ठेवून ही जोती पाहावीत. पहिली, १७६१ चं साल. १४ जानेवारीला पानिपतावर थोरला भाऊ विश्वासराव पडला, अठरा वर्षांचा. त्याच दिवशी काका सदाशिवरावभाऊ गेले. २३ जूनला वडील नानासाहेब पर्वतीवर वारले. जुलैत या मुलाला साताऱ्याला नेऊन छत्रपतींकडून वस्त्रं देण्यात आली. सहा महिन्यांत घरातली कर्ती माणसं गेली, तिजोरीवर मोहिमांचं कर्ज, आणि कारभार हाती ठेवू पाहणारे चुलते रघुनाथराव घरातच. पुढच्याच वर्षी पुतण्या-चुलत्यांच्या फौजा एकमेकांवर चालून गेल्या. नोव्हेंबर १७६२ मध्ये माधवरावांनी लढाई आवरती घेतली आणि आळेगावच्या मुक्कामी स्वतः चुलत्यांच्या स्वाधीन झाले. सतराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय आम्हाला त्यांच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठा वाटतो. फौज आपसात कापून घेतली तर निजाम उरलेलं गिळणार, हे त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसरी गोष्ट बंदोबस्ताची. जून १७६८ मध्ये धोडपला रघुनाथरावांचा पराभव करून त्यांना याच वाड्यात नजरकैदेत आणून ठेवलं. माधवराव होते तोवर ही कैद टिकली. ते गेल्यावर दहा महिनेही झाले नव्हते, ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी याच आवारात धाकट्या नारायणरावांना कापलं. तेही अठराच वर्षांचे. ‘काका, मला वाचवा’च्या गोष्टी ऐकण्यासाठी लोक अंधार पडताना इथे येतात. त्या हाकेमागे थेऊरचा मृत्यू आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

वाड्यातून बाहेर पडल्यावर पश्चिमेला नारायण पेठ आणि दक्षिणेला उतरत सदाशिव पेठ, अशी तासाभराची पायपीट करावी. दोन्ही पेठा माधवरावांच्या कारकिर्दीतल्या. एकीला धाकट्या भावाचं नाव दिलं, दुसरीला पानिपतावर राहिलेल्या काकांचं. स्वतःच्या नावाची पेठ त्यांनी वसवली नाही. पत्ता सांगताना रोज उच्चारली जाणारी ही दोन नावं खरं म्हणजे एका तरुण मुलाने आपल्या माणसांसाठी केलेली स्मारकं आहेत. एवढं कळलं तरी या रस्त्यांवरून चालणं वेगळं होतं.

सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापलेलं. तिथलं ग्रंथालय उद्याच्या तयारीसाठी उपयोगी. माधवरावांची छापील पत्रं आधी इथे चाळली तर दप्तरातलं मूळ वाचायला सोपं जातं. दुपारची सुट्टी असते, तेव्हा वेळ विचारून जावं.

वद्य सप्तमी : पर्वती आणि दप्तर

पर्वती सकाळी, ऊन चढायच्या आत. मेट्रोने स्वारगेट, तिथून रिक्षाने पायथा. पायऱ्या १०३, पण त्या उंच नाहीत, रुंद आणि उतरत्या आहेत. पाऊल दीड टाकलं की एक पायरी होते, त्यामुळे चढताना लय बसत नाही आणि उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. तिरकं, नागमोडी चढलं तर दम लागत नाही. चपला वर देवळाशीच काढाव्यात, दगड उन्हात लवकर तापतो.

देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेबांनी बांधलं, १७४९ मध्ये. माधवरावांच्या आयुष्यातले तीन प्रसंग या टेकडीला बांधलेले आहेत. पहिला म्हणजे वडिलांचा मृत्यू. नानासाहेबांचं स्मृतिस्थान इथेच वर आहे, देवळातून थेट खाली वळणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटतं, म्हणून मुद्दाम विचारून जावं. दुसरा प्रसंग १७६३ चा. निजामअलीच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं, पर्वतीवरच्या देवळांनाही झळ पोचली. पेशवा त्या वेळी पुण्यात नव्हता. राजधानी वाचवायला धावत येण्याऐवजी मराठी फौजेने निजामाचा मुलूख लुटायला घेतला आणि त्याला गोदावरीपर्यंत खेळवत नेलं. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला निजामाचं सैन्य नदीने दुभंगलेलं सापडलं. अलीकडच्या तीरावर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह उरला होता. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात अडकले असता माधवरावांनी ऐन वेळी बाजू सावरली, विठ्ठल सुंदर मारला गेला. ज्या चुलत्याने आदल्या वर्षी त्यांना नमवलं होतं, त्यालाच त्यांनी सोडवलं. राक्षसभुवन आज बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात आहे. या तीन दिवसांत ते बसत नाही, त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

तिसरा प्रसंग सप्टेंबर १७६९ चा. पर्वतीहून परतत असताना रामसिंग नावाच्या माणसाने माधवरावांवर तलवार चालवली. वेळीच सावध झाल्याने वार खांद्यावर निभावला. त्याच वर्षी उत्तरेकडे रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांची फौज रवाना झालेली होती, आणि या फौजेने जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं. पानिपताला अकरा वर्षंच झाली होती.

वरच्या पेशवे संग्रहालयाला तिकीट आहे, आत चित्रं, नाणी, जुनी हत्यारं. अर्धा तास पुरतो. कठड्यावरून उत्तरेला पाहिलं की जुनं पुणं कुठून कुठवर होतं याचा अंदाज येतो. आता उंच इमारतींमुळे वाडा डोळ्यांनी नेमका हेरणं अवघड आहे. खाली उतरून सारसबागेत जाणार असाल तर लक्षात ठेवा, तळं नानासाहेबांचं, पण तळ्यातल्या गणपतीचं देऊळ १७८४ चं, सवाई माधवरावांच्या काळातलं.

दुपार पेशवे दप्तरासाठी. पुणे पुरालेखागाराची ही दगडी इमारत १८९१ ची. पाहुणा म्हणून आत जाऊन कागद बघता येत नाहीत. विषय लिहून अर्ज करावा लागतो, ओळखपत्र लागतं, आणि परवानगी त्याच दिवशी मिळेलच असं नाही. म्हणून अर्ज आधी करून ठेवावा. कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात, एका वेळी एक रुमाल मिळतो. पेन न्यायचं नाही, पेन्सिल न्यावी. पान बोट ओलं करून उलटायचं नाही, कडेला धरून खालून हात देत उलटायचं. गाठ ज्या पद्धतीने होती तशीच परत बांधायची, नाहीतर पुढच्या माणसाला क्रम लागत नाही.

मोडी येत नसेल तर जाऊन फारसा उपयोग नाही. येत असेल तर पहिला अडथळा अक्षराचा नसून तारखेचा असतो. पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन असतो, अरबी आकडे शब्दांत लिहिलेले. तो मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी सुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रासाठी ६००. वस्त्रं मिळाली ते ‘इसन्ने सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६२, अधिक ५९९, १७६१. मृत्यूचं साल ‘सलास सबैन मया व अलफ’, ११७३, अधिक ५९९, १७७२. सरसकट ६०० मिळवले की पावसाळा-हिवाळ्यातलं प्रत्येक पत्र एक वर्ष पुढे सरकतं, आणि मेलेला माणूस पत्रं लिहिताना दिसू लागतो. महिना मुसलमानी असतो आणि दिवस ‘छ’ लावून चंद्राने मोजलेला. वद्य अष्टमी म्हणजे चंद्र साधारण २२. असा पडताळा तिथीशी घेतला की चूक लगेच पकडता येते. सवाई आणि थोरले यांचे कागद वेगळे करायलाही सन हाच पक्का आधार, सहीतलं नाव पाहून फसायला होतं.

हे कष्ट घेण्यासारखे आहेत. या कागदांत लढायांपेक्षा कारभार जास्त आहे: सारा, सूट, वतनाचे तंटे, कुणा अंमलदाराने रयतेकडून वेठ घेतली त्याची चौकशी. विशीतला एक मुलगा, अर्धं वर्ष घोड्यावर आणि पुढे आजारी, एवढ्या बारीक गोष्टीत लक्ष घालत होता, हे दुसऱ्या कुठल्याच जागी इतकं उघड दिसत नाही.

वद्य अष्टमी : थेऊर

पुण्याहून थेऊर सुमारे २५ किलोमीटर. हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, आणि सोलापूर रस्त्यावरच्या थेऊर फाट्याला डावीकडे आत. पीएमपीने जाताना पाटी नीट वाचावी. उरुळी कांचनकडे जाणाऱ्या गाड्या फाट्यावरच सोडतात, तिथून गाव चार-पाच किलोमीटर आहे आणि पुढे रिक्षा पाहावी लागते. गावापर्यंत जाणारी गाडी हवी असेल तर हडपसर गाडीतळावर विचारून बसावं. नगर रस्त्याकडून येणाऱ्यांना वाघोली-केसनंदमार्गे नदी ओलांडून येता येतं. सकाळी सातच्या आत हडपसर मागे टाकलं तर बरं. वाटेत कवडीला नदीवर नोव्हेंबरपासून चक्रवाक उतरलेले दिसतात, पक्षी पाहणाऱ्यांनी दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

अष्टविनायक यात्रेच्या गाड्या थेऊरला वीस मिनिटं थांबतात. दर्शन, प्रसाद, पुढचा गणपती. माधवरावांसाठी आलेल्या माणसाने निदान तीन तास हाती ठेवावेत.

चिंतामणीचं मूळ देऊळ चिंचवडच्या देव घराण्यातल्या धरणीधर महाराजांनी बांधलं. समोरचा लाकडी सभामंडप माधवरावांचा. महाद्वार उत्तरेला आहे आणि मूर्ती पूर्वाभिमुख, त्यामुळे आत शिरताना दिशेचा गोंधळ होतो. दर्शन घेऊन घाईने बाहेर न पडता मंडपात एका खांबाशी बसावं. शेवटच्या आजारात माधवराव याच आवारात राहायला आले होते. जून १७७० मध्ये हैदरअलीवर तिसऱ्यांदा निघाले, पण ताकद संपल्याने मिरजेहून परत फिरावं लागलं. मोहीम त्र्यंबकराव मामांनी पुढे नेली आणि मार्च १७७१ मध्ये मोती तलावाजवळ हैदरचा मोड केला. विजयाची बातमी आली तेव्हा पेशवा अंथरुणाला खिळत चालला होता.

क्षयाला तेव्हा औषधच नव्हतं. रोगाचा जंतू सापडला १८८२ मध्ये, त्यावरचं पहिलं गुणकारी औषध आलं १९४० च्या दशकात. वैद्य, पथ्य, हवापालट, अनुष्ठानं, जे शक्य होतं ते सगळं झालं. गणपतीवर त्यांची लहानपणापासून भक्ती. त्याच भक्तीपायी कारकिर्दीच्या सुरुवातीला ते जपजाप्यात तासन्तास बसत आणि लोक खोळंबत. तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी काशीला जायला निरोप मागितला आणि सुनावलं, की ब्राह्मणाचं कर्मच करायचं तर गादी सोडून गंगातीरी जावं, गादीवर बसायचं तर रयतेचं काम हाच धर्म. माधवरावांनी ऐकलं आणि जप आवरला. अखेरीस मात्र ते चिंतामणीसमोर येऊन राहिले. ज्याने राज्याच्या कामासाठी देवापुढचं आसन सोडलं होतं, त्याने मरताना तरी ते मागावं, यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. आई गोपिकाबाई दुरावून नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. मूलबाळ नव्हतं. रघुनाथरावांना बोलावून घेऊन त्यांच्या हाती नारायणरावांना सोपवलं ते इथेच.

देवळातून नदीकडे साधारण अर्धा मैल चालत जायचं. रमा-माधवांची समाधी कुठे, असं विचारलं की गावातलं कुणीही वाट दाखवतं. मुळा-मुठा थेऊरला वळसा घालून जाते आणि पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन आलेली असते. पाण्यावर जलपर्णी आणि वास, दोन्हींची मनाची तयारी ठेवावी. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा काठच्या वाटेने जाऊ नये, आणि कार्तिकातही कडेची माती भुसभुशीत असते. फूल वाहायचं तर पिशवी सोडून वाहावं आणि पिशवी परत न्यावी.

माधवरावांचं दहन इथे झालं आणि पत्नी रमाबाई इथेच सती गेल्या. त्यांचं स्मारक आहे, लोक नारळ-ओटी वाहतात. याबद्दल आम्ही स्पष्ट बोलतो. रमाबाईंचं जाणं हा चमत्कार किंवा आदर्श म्हणून सांगू नये. सतीचं उदात्तीकरण करायला १९८७ चा कायदा मनाई करतो, तो योग्यच आहे. त्याही एक तरुण बाई होत्या आणि त्या दिवशी थेऊरला एकाच्या जागी दोन माणसं अकाली गेली, एवढं मनात धरून तिथे उभं राहावं.

नदीवरून परत आल्यावर, आवाराबाहेर सावलीत बसून, माधवरावांनी मरणापूर्वी लिहून ठेवलेली नऊ कलमं मोठ्याने वाचावीत. छापील प्रत आदल्या दिवशीच ग्रंथालयातून उतरवून आणावी, इथे ती मिळत नाही. एकाने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावीत. त्यात स्वतःच्या स्मारकाविषयी काही नाही. राज्याचं कर्ज फेडावं, प्रयाग आणि काशी सोडवून घ्यावीत, दादासाहेबांना, म्हणजे रघुनाथरावांना, जहागीर लावून द्यावी, असा मजकूर. कर्जाचा मोठा भाग त्यांनी जिवंतपणी स्वतःच उतरवत आणला होता. काशी-प्रयाग मराठ्यांच्या हाती कधीच आले नाहीत. दादासाहेबांबद्दलच्या कलमाचं पुढच्या ऑगस्टमध्ये काय झालं, ते सांगून झालंच आहे.

परतीला साडेतीनच्या आत निघावं. त्यानंतर लोणी ते हडपसर वाहनं तुंबतात, आणि गळीत हंगाम सुरू झालेला असेल तर उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावर असतात.